टॅक्स घेताना कॉईन दिसतो, मग मीटिंगचा हॉल का दिसत नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

क्रिप्टोवर, म्हणजे बिटकॉईनसारख्या डिजिटल चलनावर, सरकारचा कंट्रोल बसूच शकत नाही, असं परवा चहाच्या गाड्यावर एकजण ठासून सांगत होता, म्हणून हे पत्र. अहो एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स लागलाय, जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि २०२३ ला कॉईनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगच्या कायद्यात पण घेतलं. पाहिजे तिथं हात बरोबर पोचतोय की.

आता माझ्या मेव्हण्याचं ऐका. अक्कलकोट रोडला त्याचे आठ लूम. होटगी रोडच्या एका हॉलमध्ये मीटिंग होती, टाय लावलेला माणूस, जेवणाला पनीर, आणि "आपला स्वतःचा कॉईन, महिन्याला १० टक्के". कुणीतरी विचारलं हे लीगल आहे का, तर म्हणे सरकार टॅक्स घेतंय म्हणजे लीगलच! झालं, यानं भिशी उचलून अडीच लाख दिले, निम्मे रोख नि निम्मे आमच्याच गल्लीतल्या पोराच्या यूपीआयवर. चार महिने अ‍ॅपमध्ये आकडा वाढत होता, काढायला गेलं की "सर्व्हर अपग्रेड चालू आहे". तो कॉईन त्या अ‍ॅपच्या बाहेर कुठं विकतच नव्हता. वनकॉईन नावाच्या कॉईनचं पण हेच, मागं खरी ब्लॉकचेनच, म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना तपासता येणारी नोंदवहीच नव्हती, जगभरातली लोकं बुडाली.

बिटकॉईन सरकारला बंद करता येत नसेल तर राहू दे, पण रुपया जिथनं जातो तिथं तरी धरा ना. हॉल, फ्लेक्स, यूपीआयचं खातं सगळं सोलापुरातच होतं. चीननं २०१७ लाच टोकन विकून पैसे गोळा करण्यावर बंदी घातली, युरोपात आता पब्लिकला कॉईन विकायचा तर आधी माहितीपत्रक काढावं लागतं. आपल्याकडं पण २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे, त्यात पैसे घेणं सोडाच, नुसती जाहिरात करणं पण गुन्हा आहे. मग ठरलेला परतावा देतो म्हणून विकलेला कॉईन ही ठेव धरायची का नाही, एवढं सरकारनं स्पष्ट लिहून ठाण्याठाण्यात पाठवावं. मेव्हणा तक्रार द्यायला गेला तर "कॉईन म्हणजे नेमकं काय दिलं तुम्हाला?" इथनंच सुरुवात, अर्धा तास त्यातच गेला.

त्या मीटिंगचे फोटो अजून फेसबुकवर आहेत, मागं फ्लेक्सवर कॉईनचं नाव नि टक्केवारी ठळक दिसतीय.

— एक वाचक, सोलापूर