आजींना बसायला स्टूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुमच्यासमोर नुसती रडले, आभार मानायचे राहूनच गेले. बाहेर नंबरवाले ताटकळले होते. म्हणून हे पत्र.

वसमतहून तुमच्याकडे नांदेडला येईपर्यंत आमच्या लेकराला गॅस्ट्रो म्हणून झालं होतं, रक्तात जंतू म्हणून झालं होतं, आईचं दूध बाधतंय हेही म्हणून झालं होतं. सलाईन लागलं की लेकरू हसायला लागायचं. घरी आणलं की काही दिवसांनी पुन्हा उलट्यांवर उलट्या, अंग पांढरंफटक, मान टाकलेली. एका साहेबांनी अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी करवली. ती नॉर्मल आली, तर मलाच भर ओपीडीत सुनावलं, "तुम्ही फार घाबरट आहात."

तुम्ही फाईल चाळलीत, मिटलीत आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आमच्या सासूबाईंना स्वतः स्टूल ओढून दिलंत. "आजी, घास तुम्ही भरवता ना? मग तुम्हीच सांगा."

सासूबाई म्हणाल्या, "भाताची पेज दिली की दोन घंट्यानं व्हतंय. भाकरीनं काईच नाही." हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या हो! पण 'भातानं कुणाला काय होतंय, आजी' म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. तुम्ही मात्र पेन घेऊन शब्दन् शब्द उतरवून घेतलात. तेव्हा त्यांनी पदर सावरला, नीट बसल्या आणि मग थांबेचनात.

तुम्ही सांगितलेलं आजाराचं एफपीआयईएस हे नाव मला अजून धड म्हणता येत नाही. पण ही आतड्याची उशिरा उठणारी अ‍ॅलर्जी आहे, खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्या होतात, अंगावर पित्त उठत नाही, एवढं पक्कं बसलंय. रक्ताच्या त्या तपासणीत आयजीई, म्हणजे नेहमीच्या अ‍ॅलर्जीत रक्तात सापडणारा घटक, बघतात आणि हा आजार बहुतेक वेळा त्या वाटेनं येतच नाही. गाईचं दूध, सोयाबीन, तसा तांदूळसुद्धा बाधतो. ओळखायचं ते मुख्यतः खाण्याच्या हकिगतीवरून. आणि हकिगत तर रोज आमच्या चुलीपुढं बसलेली होती!

पाटीवर डिग्र्या मावत नाहीत असे हुशार लोक पुष्कळ बघितले. बँकेत जा, तहसीलला जा, म्हातारी बाई आपली उभीच. तिला बसा म्हणणारं माणूस भेटलं की अर्धं दुखणं तिथंच उतरतं. तुम्हाला देव भरपूर आयुष्य देवो.

लेकरू आता छान आहे. भात बंद, तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी प्रवासात पर्समध्ये असते. बऱ्याच मुलांचं हे तीन ते पाच वर्षांचं होईपर्यंत सुटतं, तेव्हा दवाखान्यातच नजरेखाली भात देऊन बघू, असं तुम्ही म्हणाला होतात. सासूबाई आत्तापासून विचारतायत, तो भात घरून शिजवून आणायचा की दवाखान्यातला असतो? तेवढं कळवा, नाहीतर त्या फोन करायला लावतील.

आपली,
वसमतची एक आई