मृदंग दवाखान्यात घेऊन जा

परळ, मुंबई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून ठेवून देतात आणि आई बोलता बोलता कुकर बघायला उठते, म्हणून लिहून पाठवतोय. आक्काला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि वाचून झाल्यावर कागद दवाखान्याच्या फायलीत ठेवा.

बाबांचे रिपोर्ट मी पुन्हा बघितले. गाठ शौचाच्या जागेला अगदी लागून आहे, त्यामुळे तो भाग ठेवता येत नाही. पोटावर डाव्या बाजूला शौचाची वाट काढावी लागणार, आणि ती कायमची. तिला स्टोमा म्हणतात, आणि मळ गोळा व्हायला तिच्यावर पिशवी चिकटवायची. मिरजेला नेलं असतं किंवा इथं आणलं असतं तरी हेच सांगितलं असतं. पूर्वी आपल्याकडची माणसं मिरज नाही तर मुंबई गाठायची. आता रेडिएशन बेळगावात होतं, केएलई संस्थेचं वेगळं कॅन्सर हॉस्पिटलसुद्धा 2025 च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालं. आईनं महिनेच्या महिने दादरच्या धर्मशाळेत काढण्यापेक्षा खानापुरातून जाऊन येऊन केलेलं केव्हाही चांगलं.

ऑपरेशन सर्जन करतील, त्याची मला काळजी नाही. मला सांगायचंय ते आदल्या दिवसाचं.

आदल्या दिवशी पोटावर पेनानं खूण करतात. पिशवी कुठं बसणार ते तिथं ठरतं. स्टोमाचं काम शिकलेली सिस्टर असली की हे ती करते. वेगळी सिस्टर नेमलेली नसेल तर राउंडला सर्जनना सांगा, "खूण आज, मी जागा असताना करा." टेबलावर झोपलेल्या माणसाचं पोट सपाट दिसतं. उठून बसल्यावर वळ्या पडतात. वळीत पिशवी बसली की ती चिकटत नाही, गळते, आणि गळलं की कातडी सोलवटते. इथं एक ड्रायव्हर यायचा, त्याची जागा बरोबर पट्ट्याखाली आलेली. स्टिअरिंगवर बसला की पिशवी सुटायची. बिचाऱ्यानं दोन घास कमी खायला सुरुवात केली, म्हणजे भरायलाच नको! ऑपरेशन उत्तम झालेलं होतं, फक्त जागा बसवून बघितलेली नव्हती.

म्हणून बाबा, सिस्टर म्हणेल तसं करा. झोपा, बसा, उभे राहा, भात लावताना वाकता तसे वाका. मांडी घालून बसा. धोतर नेसून जा, कुठं गाठ येते ते तिला दिसू दे. बेंबीच्या खाली, हाडापासून लांब, वळी चुकवून, आणि तुम्हाला स्वतःला मान खाली घालून दिसेल अशी जागा हवी. आणि मृदंग घेऊन जा. हसू नका. एकादशीला दिंडीत दोन-दोन तास मृदंग तुमच्या पोटावर असतो. तो गळ्यात अडकवून तिच्यासमोर उभे राहा, कुठं टेकतो ते बघून ती खूण दोन बोटं इकडं-तिकडं करेल. वॉर्डातली माणसं बघतील. बघू देत.

गावात "पोरगा मुंबईला हॉस्पिटलात हाय" एवढंच सांगता, पुढं काय करतो ते सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. चालायचंच. नर्सिंग झाल्यावर मी कॅन्सर नर्सिंगचा वर्षाचा वेगळा कोर्स केला तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "सुई टोचायला अजून काय शिकायचं राहिलंय?" तर बाबा, हे शिकायचं राहिलं होतं. सर्जन राउंडला येतात, टाके बघतात, पुढच्या खाटेकडं जातात. त्यांना तेवढाच वेळ असतो, त्यात त्यांचा दोष नाही. हा माणूस घरी जाऊन शेतात कसा वाकेल, लग्नाच्या पंगतीत कसा बसेल, हे बघणारं कुणीतरी वेगळं लागतं. या कामाची सुरुवात ना डॉक्टरनं केली ना नर्सनं. अमेरिकेत क्लीव्हलँडला नॉर्मा गिल नावाची बाई होती. तिला स्वतःलाच पिशवी होती. 1958 मध्ये तिथल्या डॉक्टर टर्नबुलनी तिला बोलावून घेतलं आणि ती खाटेखाटेपाशी जाऊन दुसऱ्या पेशंटांना शिकवू लागली. 1961 मध्ये तिथंच शाळा निघाली.

ऑपरेशननंतरचं आता. पोटावर लालभडक, ओलसर असं काहीतरी दिसेल, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. हात लावला तर दुखत नाही, तिथं संवेदनाच नसते. पुसताना रक्ताचा थेंब आला तरी घाबरू नका. पण रंग जांभळा-काळा दिसला तर घंटा वाजवा, सकाळची वाट बघू नका. पहिले दिवस बरीच माणसं तिकडं बघतच नाहीत, भिंतीकडं तोंड करतात. आम्ही जबरदस्ती करत नाही. आधी नुसती पिशवीचं तोंड बंद करायची क्लिप हातात धरायला देतो. मग पिशवी. मग एक दिवस माणूस आपणच विचारतो, "हे असं लावायचं काय?" आणि तोवर त्यांचं लक्ष पोटाकडं नसतंच, आमच्या तोंडाकडं असतं. नाक मुरडलं की संपलं. आई, तुला हे सांगतोय. पहिल्यांदा पिशवी बदलताना ते तुझ्या तोंडाकडं बघतील.

तू शिकून घे, पण आधी त्यांना शिकू दे. सगळं तूच करायला लागलीस तर ते कुठंच जायचे नाहीत. पिशवीच्या चिकट चकतीचं भोक स्टोमाच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं, जास्त नको. सूज उतरत जाते, म्हणून सहा ते आठ आठवडे माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर एकदा बाबांनी स्वतः बदलली पाहिजे. त्याशिवाय घरी येऊ नका, मग बिल भरून झालेलं असो.

बाबा, आक्का म्हणाली की तुमचं सगळं अडलंय ते विठ्ठलापुढं कसं उभं राहायचं यावर. पिशवी नीट चिकटली असेल तर वास येत नाही, शेजारच्याला कळतसुद्धा नाही. शिवाय पुढं जखम भरून सर्जननी हो म्हटलं की स्टोमातून पाणी सोडून पोट साफ करायची एक पद्धत सिस्टर शिकवते. रोज किंवा एक दिवसाआड ठरल्या वेळी केली की बऱ्याच जणांचा बाकीचा दिवस मोकळा जातो, वरून नुसती छोटी टोपी लावली तरी चालते. सगळ्यांना जमत नाही, तुम्हाला जमेल असं वाटतं. तुमची सगळीच कामं घड्याळावर. काही गोष्टी मात्र मला लिहिता येणार नाहीत आणि तुम्हाला मला विचारता येणार नाहीत. लघवीचं, नवरा-बायकोचं. या ऑपरेशननंतर त्यात फरक पडू शकतो. ते सिस्टरला विचारा, लाजू नका. बाईमाणसाला विचारायचं नसेल तर ब्रदरला बोलवा. आम्हाला रोज विचारतात.

सिस्टर कानडी असली तर तुम्हाला "अज्जा" म्हणेल. सीमाप्रश्न वॉर्डाच्या बाहेर ठेवा. कित्तूरच्या बाजारात बैलाचा भाव करताना तुमचं कानडी कसं धो-धो वाहतं ते मी ऐकलंय.

केमो लागेल की नाही ते गाठीच्या रिपोर्टवर ठरेल. लागला तर एकच गोष्ट आत्ता सांगून ठेवतो: घरात थर्मामीटर पाहिजे. ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला की रात्र असो, पाऊस असो, वॉर्डाला फोन करून निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा नाही. केमोची सिस्टर नंबर देते, तो आक्काच्याही मोबाईलमध्ये घाला. आणि तिनं "कसं आहे?" विचारलं की "काय नाही, बरं आहे" म्हणू नका. तोंड आलंय, जुलाब होतायत, हात-पाय मुंग्यांनी बधिर झालेत, जे असेल ते सांगा. त्यावर ती डॉक्टरना सांगून औषध बदलून घेते. "बरं आहे" यावर तिला काहीच करता येत नाही.

मी ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच्या गाडीनं निघतो, सकाळी थेट दवाखान्यात येतो. म्हणजे खुणेच्या वेळी मी नसणार, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. मळणी भाऊकाकांवर सोपवा. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या डब्यात घे, बाबांच्या सामानात टाकू नको.

तुमचा,
धाकटा