बाबा, गाडी वेळेवर सुटते, पण पुढचं ऐका

कोथरूड, पुणे

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, पुण्याची मेट्रो वेळेवर सुटते का, या तुमच्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं पत्र तुम्ही वाचायचा नाहीत. हो, वेळेवर सुटते. आई, तुझंही सांगते: सकाळी बसायला मिळत नाही, दुपारी मिळतं. फोनवर एवढ्यावर भागलं असतं. पण बाबांनी लगेच "मग सर्व्हिस चांगली आहे म्हणायची" असा शेरा मारला आणि फोन आईकडे दिला. त्या शेऱ्यावर सही करायला माझा हात उचलेना, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमच्यासारखा माणूस मेट्रोत आधी थोडा गोंधळेल. आयुष्यभर तुम्ही एसटी स्टँडवरच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून कोणती गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हे लिहीत आलात. इथे मात्र सव्वानऊची मेट्रो, साडेनऊची मेट्रो असं कुणी म्हणत नाही. जिना चढायचा, फलाटावर उभं राहायचं, समोरच्या पाटीवर पुढची गाडी किती मिनिटांत येतेय तो आकडा बघायचा. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी येते, दुपारी दहा मिनिटांनी. एक गेली तरी कुणी हळहळत नाही. पहिली गाडी सकाळी सहाला असते आणि रात्री अकरापर्यंत चालू असतात, त्यामुळे ऑफिसात उशीर झाला तरी पोटात गोळा येत नाही.

पण अशा सेवेत वेळापत्रकापेक्षा दोन गाड्यांमधलं अंतर सांभाळणं महत्त्वाचं. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक फेरी रद्द झाली की पुढच्या गाडीवर दोन गाड्यांचं माणूस चढतं, चढायला वेळ लागतो म्हणून ती अजून मागे पडते आणि तिच्या मागची रिकामी धावते, हे जेवताना पोळीचे तुकडे मांडून तुम्हीच दाखवलं होतंत. मेट्रोचंही गणित तेच. आपली गाडी तीनच डब्यांची आहे. सकाळच्या वेळी वनाजहून निघालेली गाडी नळ स्टॉपला येईपर्यंत उभं राहायची जागा शोधावी लागते, आणि डेक्कनला कॉलेजची पोरं पाठीवरच्या सॅकसकट आत घुसतात. सॅक पुढे घ्यायची असते हे पुण्यात कुणाला सांगायची सोय नाही. सांगणाऱ्यालाच चार गोष्टी ऐकाव्या लागतात. आणि मोबाईलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ बघणारे एसटीत असतात तेवढेच इथेही आहेत.

डबा मात्र स्वच्छ असतो. थुंकलेलं दिसत नाही, एसी चालू असतो, पुढचं स्थानक कोणतं ते मराठीत नीट सांगतात आणि दारावरच्या पट्टीवरही दिसतं. स्टेशनवर स्वच्छतागृह असतं (आईचा पुढचा प्रश्न हाच होता). बाहेर कर्वे रस्त्यावर गाड्या गोगलगायीच्या चालीनं सरकत असतात आणि आपण वरून जातो, याचा आनंद अजून ओसरलेला नाही, खोटं कशाला बोलू.

मार्च २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा हा सगळा गमतीचा मामला होता. वनाज ते गरवारे कॉलेज, पाच स्टेशनं. तिकडे पिंपरी ते फुगेवाडी, तीही पाच. मधे काहीच नाही. लोक पोराबाळांना घेऊन चक्कर मारायला जायचे, फोटो काढायचे आणि परत यायचे. पिंपरीला नोकरीला जाणाऱ्या माझ्यासारखीला तिचा काडीचा उपयोग नव्हता. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही लाईनी सिव्हिल कोर्टाला जोडल्या गेल्या आणि त्या दिवसापासून ती खरी वाहतूक झाली. पुढे मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२४ अखेर जमिनीखालून स्वारगेटला पोचली. तुम्हाला उपयोगी पडेल तो हा शेवटचा तुकडा, पण त्याकडे नंतर येते.

सिव्हिल कोर्टाचं स्टेशन तुम्हाला एकदा दाखवायचंय. माझी वनाज-रामवाडी लाईन तिथे वर, पुलावर आहे. पिंपरी-स्वारगेट लाईन जमिनीच्या खाली, सुमारे ३३ मीटर खोल. म्हणजे गाडी बदलायला दहा मजली इमारत उतरायची. सरकते जिने एकाखाली एक लागतात आणि सकाळी नऊच्या पुढे त्यांच्यावर नुसता माणसांचा लोंढा असतो. डाव्या बाजूनं घाईवाले खडाखड उतरतात, उजवीकडे उभे राहणारे हँडल धरून. असा नियम कुठे लिहिलेला मी पाहिला नाही, लोकांनी आपापला बसवला. मात्र नेमकी डावीकडेच एखादी मैत्रिणींची जोडी गप्पा मारत उभी राहते आणि मागे तुंबतं.

परवा तिथेच एक आजी पाहिल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी येऊन थबकल्या. एक पाऊल पुढे, परत मागे. लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरलेला, नजर त्या दातेरी पायरीवर. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी आली. "या आजी, लिफ्ट आहे" म्हणाली आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आली. लिफ्टपाशी रांग होती. रांगेत पुढे उभे होते तीन धडधाकट कॉलेजकुमार, कानात हेडफोन. त्यांना बाजूला करून तिनं आजींना आत घातलं. सर्व्हिस म्हणतात ती मला त्या पोरीत दिसली. आणि लिफ्ट अडवणारे आपणच, हेही दिसलं.

आता माझं जिथे अडलं ते सांगते. गाडीत मला मिनिटं लागतात चाळीसच्या आसपास. घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत मात्र सव्वा तास. मधला वेळ कुठे जातो? थोडा सिव्हिल कोर्टाच्या खाली-वर करण्यात आणि तिथे दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात, बाकी सगळा दोन्ही टोकांना. घरून स्टेशनला चालत जाते, तर फुटपाथ काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी त्यावर दुचाक्या लावलेल्या आहेत, आणि एके ठिकाणी तो एका दुकानाच्या पायऱ्यांत विरून जातो. तिकडे पिंपरीला उतरल्यावर पुढचं अंतर चालण्यापेक्षा थोडं जास्त आणि रिक्षावाल्याच्या मते भाडं घेण्याइतकं नाही. शेअर रिक्षा असतात. "एक सीट, एक सीट" म्हणून तो आपल्याला बसवतो, आणि चार माणसं भरेपर्यंत आपण बसून राहतो. एक दिवस पाऊस कोसळत होता आणि तिथल्या एका रिक्षावाल्यानं एवढ्याशा अंतराचे शंभर रुपये मागितले. मी छत्री उघडून चालत गेले आणि दिवसभर ओल्या चपलांत बसले.

हिशोब बघा. मेट्रोचं तिकीट १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत. रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरलाच २५ रुपये. म्हणजे दोन्ही टोकांना मीटरनं रिक्षा केली (मीटरनं मिळाली तर!), तरी रिक्षाचे ५० आणि सगळं शहर ओलांडायचे ३५. शेजारचे जोशी काका म्हणतात, एवढ्यात तर स्कूटर परवडते. मुंबई-बंगळूर हायवेवरचे ट्रक चुकवत जायचं नाही म्हणून मी मेट्रोनं जाते, पण त्यांचा हिशोब चूक आहे असं मला छातीठोक म्हणता येत नाही. काही लोक सायकल घेऊन मेट्रोत चढतात, तशी परवानगी आहे. सकाळच्या गर्दीत सायकल घेऊन शिरण्याचं धाडस माझ्यात नाही.

बाबा, एसटीत असताना तुमचं एक सुख होतं, तुम्हाला ते कधी जाणवलं नसेल. गाडी महामंडळाची, स्टँड महामंडळाचं, फलाट, चौकशीची खिडकी, हिरकणी कक्ष, कँटीनचं कंत्राट, सगळं एका छत्राखाली. प्रवासी चिडला की केबिनच्या खिडकीत येऊन तुमच्यावर ओरडायचा, आणि गाडी न लागण्यापासून पंखा बंद असण्यापर्यंत सगळ्याला तुम्हीच धनी. इथे मेट्रो एकाची, सिटी बस दुसऱ्याची, फुटपाथ महापालिकेचा, रिक्षाचं भाडं ठरवणारे आणखी वेगळे. मेट्रोची सेवा मोजली की ती चांगलीच निघणार, कारण ती फलाटावर सुरू होते आणि फलाटावर संपते. माझा प्रवास तिथे सुरू होत नाही आणि संपतही नाही. म्हणून "सर्व्हिस चांगली" या शेऱ्याखाली मी सही करत नाही. "गाडी चांगली" असं लिहा, लगेच करते.

ऑफिसात कुणी म्हणतं गाड्या वाढवा, कुणी म्हणतं डबे वाढवा. वाढवाव्यातच. पण मला कुणी विचारलं तर मी आधी स्टेशनच्या दारातून दर दहा मिनिटांनी सुटणारी लहान बस मागेन आणि दोन्ही बाजूंना किलोमीटरभर न तुटणारा फुटपाथ. मेट्रोवर झालेल्या खर्चापुढे हे चिल्लर आहे. उद्घाटनाला फीत कापण्याजोगं त्यात काही नसल्यामुळे होत नसावं, असा माझा आपला संशय.

आता तुमच्या येण्याचं. गुडघा दाखवायला येतो म्हणता आणि "पुण्यात ते ट्रॅफिक नको बाई" म्हणून दर महिन्याला पुढे ढकलता. कराडहून स्वारगेटची गाडी धरा. दुपारी पोचेल अशी बघा, म्हणजे गर्दी टळेल. मी स्टँडवर येते, बाहेरच्या गर्दीतून एकट्यानं रस्ता शोधत बसू नका. स्वारगेटहून सिव्हिल कोर्टापर्यंत जमिनीखालून, वाटेत गाडी मुठेच्याही खालून जाते. आई, काही दिसत नाही हं, अंधारच असतो, आधीच सांगून ठेवते. सिव्हिल कोर्टाला लिफ्टनं वर जाऊ, बाबांना एकही पायरी चढायची नाही. कोथरूडला उतरल्यावर घरापर्यंत रिक्षा मी आधी ठरवून ठेवीन.

तुम्हाला शिवाजीनगरचं जुनं स्टँड आठवत असेल. मेट्रोच्या कामासाठी ते २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलं. आता तिथे खाली मेट्रोचं स्टेशन आहे. तुमची इच्छा असेल तर तिथेही जाऊन येऊ, पण मग कमरेवर हात ठेवून "इथे फलाट क्रमांक चार होता" असं दाखवत उभं राहायचं नाही.

आई, तुला दगडूशेठला जायचंय ना? स्वारगेटनंतरचंच स्टेशन मंडई, तिथून चालत जाता येतं. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते, तेव्हा दर्शन रविवारी करू. एसटीत तुला अर्धं तिकीट लागतं तसं इथे बायकांना नाही, म्हणजे कंडक्टरशी घालतेस तसा वाद घालायला कुणी सापडणार नाही. तिकीट मी मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपवरून काढते. दारात मोबाईलवरचा तो क्यूआर कोडचा चौकोन दाखवला की फाटक उघडतं. बाबांना तेवढ्यात पटकन पलीकडे व्हावं लागेल, मी मागे असेन.

स्टेशनात शिरताना बॅग तपासतात. म्हणून ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, काळा मसाला असं चार पिशव्यांत विभागू नकोस, एकाच बॅगेत भर. पीठ पाच किलोच्या वर अजिबात नको, मी एकटी किती भाकरी खाणार?

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात गुरुवारची मिळतेय, सकाळी साडेअकराची. बुधवारी निघालात तर बरं. बाबा, जुने एक्स-रे कपाटावरच्या पिवळ्या पाकिटात आहेत, ते आणा. आणि कोणती गाडी धरताय ते मला मंगळवारपर्यंत कळवा. ती कराडहून किती वाजता सुटते ते तुम्ही सांगालच, स्वारगेटला किती वाजता लागते तेवढंच मला हवंय.

तुमची,
मनू