गॅलरी म्हणजे फक्त चाळीतली नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र लिलावात ६७ कोटींच्या वर गेलं. ती बातमी तीन गिऱ्हाइकांनी मला दुकानात येऊन मोबाइलवर दाखवली. "बघा, तुमच्याच धंद्यातलं." माझा धंदा फ्रेमचा. लालबागला वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. स्वामी समर्थ, दत्तगुरू, लग्नाचे फोटो, दहावीची गुणपत्रिका, मंडळांची प्रशस्तिपत्रकं, आणि गेलेल्या माणसांचे फोटो. या शेवटच्यांना नेहमी घाई असते, तेराव्याच्या आत हवे असतात. चित्र म्हणून चित्र वर्षाकाठी एखादं येतं. त्या तिघांपैकी एकालाही गायतोंडे गिरगावातल्या चाळीत वाढले हे ठाऊक नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी मलाही नव्हतं, म्हणून मी कुणाला हसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्राची बातमी होते ती लिलावाचा हातोडा पडला की. तेच चित्र शहरात कुठेतरी भिंतीवर टांगलेलं असतं, कुणीही जाऊन फुकट बघू शकतो, तेव्हा मराठी माणसाला ते कुणी सांगत नाही.

मला सांगितलं एका मुलीने, तेही नकळत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून नुकती बाहेर पडलेली, मूळची रत्नागिरीकडची. नऊ कागद घेऊन आली. म्हणाली, "काका, काच नको. आणि कागदाच्या कडा झाकायच्या नाहीत, दिसू देत." मी म्हटलं, बाई, मुंबईची हवा आहे, काचेशिवाय कागद ठेवलास तर दोन पावसाळ्यांत बुरशी धरेल. ती ऐकेना. कागदांवर पेन्सिलीने काढलेले डाग होते. हो, डाग. तिच्या भाड्याच्या खोलीच्या छताला ओल येऊन उमटलेले, एकेक डाग कडेच्या पिवळसर रेषेसकट. मी म्हटलं, हे घालवायला आम्ही दरवर्षी रंगाऱ्याला पैसे देतो आणि तू काढत बसलीस? ती हसली. तिच्या प्रदर्शनासाठी फ्रेमा पोचवायला मी स्वतः टॅक्सीने कुलाब्याच्या एका गॅलरीत गेलो, कारण काच नसलेलं काम पोऱ्याच्या हाती द्यायला जीव धजेना.

जुनी इमारत, खाली पाटी दिसेल न दिसेल अशी, दाराला बेल. रखवालदाराने विचारलं, "किस को मिलना है?" माझ्या हातात फ्रेमा होत्या म्हणून आत सोडलं. नऊच्या नऊ ओळीत लागल्यावर ती मुलगी कोपऱ्यात पाणी पीत बसली आणि मी आपला बघत उभा राहिलो. चौथ्या कागदाशी आलो आणि आमच्या जुन्या खोलीतला माळ्याखालचा डाग डोळ्यांसमोर आला. लहानपणी ताप आला की त्याच्याकडे बघत पडायचो, त्यात एक उंट होता. पन्नास वर्षांत मला तो उंट आठवला नव्हता. मी तिथल्या बाईंना विचारलं, "हे बघायला पुन्हा आलो तर चालेल का? तिकीट किती?" त्या म्हणाल्या, "तिकीट नसतं. कधीही या."

तेव्हापासून शनिवारी दुपारी दुकान भाच्यावर सोपवून मी गॅलऱ्या बघायला जातो. पहिल्यांदा घरी सांगितलं, गॅलरीत चाललोय, तर बायको म्हणाली, "अहो, आधी आपल्या गॅलरीतला पिंप घासा." चाळीत वाढलेल्या माणसाला गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा. शनिवारच का, तर माझी सुट्टी सोमवारी, आणि बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, कित्येक सोमवारीही. काम करणाऱ्या माणसाने जायचं कधी? जहांगीर आर्ट गॅलरी तेवढी रविवारी उघडी असते. ती १९५२ सालापासून आहे, पण माझ्या ओळखीतले निम्मे लोक तिला काळा घोड्याला पावसात उभं राहायचं ठिकाण म्हणूनच ओळखतात. तिथे आपली चित्रं लावायची तर चित्रकाराला कैक वर्षं नंबर लावून बसावं लागतं, हेही मला त्या मुलीनेच सांगितलं.

जहांगीरच्या पहिल्या मजल्याची एक गोष्ट मला धंद्यामुळे फार जवळची वाटते. केकू गांधी हे मुळात आमच्यातले, फ्रेमवाले. १९४१च्या सुमारास त्यांनी फ्रेमच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव केमिकल मोल्डिंग, त्याचंच पुढे केमोल्ड झालं. हुसेन, आरा या चित्रकारांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं. त्यांची चित्रं गांधी दुकानाच्या काचेत लावायचे, फ्रेमच्या नमुन्यांबरोबर. १९६३ साली त्यांनी जहांगीरच्या वरच्या मजल्यावर गॅलरी काढली. २००७ मध्ये ती फोर्टात प्रिस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये तिसऱ्या मजल्यावर गेली. हे कळलं त्या दिवशी मी दुकानाची काच आतून-बाहेरून पुसली. आता काचेत डाव्या बाजूला स्वामी समर्थ असतात आणि उजव्या बाजूला एका मुलाचं जलरंगातलं चित्र. विकलं गेलेलं नाही, पण लोक थांबतात.

चुका पुष्कळ केल्या. एका प्रदर्शनात काही चित्रांखाली लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. मला वाटलं, हे काम खराब झालंय, दुरुस्तीला काढलंय. मी धंद्याच्या सवयीने तिथल्या पोराला म्हटलं, "याला वाळवी लागलीय का?" टिकली म्हणजे विकलं गेलं, हे त्याने न हसता समजावून सांगितलं. कुलाब्याला अग्निशमन केंद्राजवळ प्रोजेक्ट ८८ नावाची गॅलरी आहे, जुन्या छापखान्याच्या जागेत. तिच्यासमोरून मी दोनदा पुढे गेलो, आत काही असेल असं वाटेचना.

ज्यांनी हात दिला ते चित्रकार मराठी मुलखातलेच निघाले. सुधीर पटवर्धन तीस वर्षं ठाण्यात एक्स-रे बघणारे डॉक्टर होते. २०१९च्या शेवटी नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लागलं होतं. मी खालपासून घुमटापर्यंत जिने चढत गेलो. इराणी हॉटेलात एकटा बसलेला माणूस, लोकल, रेल्वेचा पूल. रोजच्या गर्दीत ज्याचा नुसता धक्का लागतो, तो माणूस इथे पुरता दिसत होता. प्रभाकर पाचपुते चंद्रपूरकडचे, खाणीच्या गावातले. खाणीतली माणसं काढतात ती कोळशानेच. अमोल पाटील यांचे आजोबा पोवाडे लिहायचे, वडील नाटकं. त्यांचं काम २०२२ मध्ये जर्मनीला डॉक्युमेंटा नावाच्या मोठ्या कलाप्रदर्शनात गेलं. आणि घाटकोपरचे अतुल दोडिया दुकानाच्या शटरवर चित्र काढतात. शटर खाली असलं की एक चित्र, वर गुंडाळलं की आत दुसरं. मी रोज रात्री शटर ओढतो, कुलूप घालतो आणि घरी जातो. चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नाही.

यासाठी कुलाब्यालाच जावं लागतं असंही नाही. आमच्या लालबागहून राणीची बाग चालत जाण्याजोगी. पेंग्विनसाठी पोरं कडेवर घेऊन लोक रांगा लावतात, आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२पासून तिथे आहे, त्याच्याकडे मान वळवत नाहीत. आतल्या जुन्या लाकडी कपाटांमध्ये आजच्या चित्रकारांनी आपली कामं मांडलेली असतात, दोडियांनी मांडलीत, सुदर्शन शेट्टींनी मांडलीत. (बुधवारी जाऊ नका, बंद असतं. मी गेलो होतो.) वरळीला नेहरू सेंटर आहे, वांद्रे रेक्लमेशनला बॉम्बे आर्ट सोसायटीची इमारत आहे, सोसायटी १८८८ची. नाटकाला आपण प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिरात जातो, त्याच आवारात पु. ल. देशपांडे अकादमीचं कलादालनही आहे. मध्यंतरात वडा खाऊन होतो, तिथे डोकावणं होत नाही.

आता मुद्द्याचं. रविवारी आपलं वर्तमानपत्र हाती आलं की मी आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडतो. दीनानाथला काय, गडकरीला काय, दुपारी चार की रात्री साडेआठ, सगळं एका नजरेत. तसं चित्रांचं का नसावं? पान नको, पाव कॉलम द्या, शुक्रवारी. कुणाचं काम लागलंय, कुठे, कितव्या मजल्यावर, कधीपर्यंत, कुठल्या वारी बंद. मजला लिहाच, निम्मी माणसं जिन्याच्या तोंडाशी परत फिरतात. आणि एक ओळ अशी टाका की खासगी गॅलऱ्यांना तिकीट नसतं आणि कुणाला भेटायचंय असं रखवालदाराने विचारलं तर "चित्र बघायचंय" एवढं सांगून आत जायचं. परीक्षण नसलं तरी चालेल. परीक्षणं मला कळत नाहीत. "अवकाश" शब्द आला की मी पान उलटतो.

दुसरी मागणी गॅलरीवाल्यांकडे, आपल्या वर्तमानपत्रातून पोचली तर बरं. भिंतीवर चित्रकाराविषयी जे लिहून लावता ते बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं. पाचपुत्यांच्या गावचा माणूस आला तर त्याने ते कुणाकडून वाचून घ्यायचं? माझं इंग्रजी पट्टीच्या बिलापुरतं. कुलाब्याच्या प्रदर्शनातली ती मुलगी माझ्याशी छान कोकणी वळणाच्या मराठीत बोलायची. तिच्या कागदांशेजारी लावलेल्या इंग्रजी मजकुरात तिला स्वतःला दोन शब्द अडले. मी विचारलं, "हे तू लिहिलंस?" "नाही काका, त्यांनीच लिहिलंय." छताला ओल येते, एवढं सांगायला चार परिच्छेद.

मजकूर मराठीत करायला खर्च येतो असं कुणी म्हणेल. चित्रकाराने स्वतःच्या हाताने चार ओळी मराठीत लिहून द्याव्यात, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढ्या कागदावर. पट्टी, काच, मागचा हार्डबोर्ड माझा. महिन्याला दोन फ्रेमा मी फुकट करून देईन, आणि चाळीच्या गॅलरीतून खऱ्या गॅलरीत स्वतः नेऊन पोचवीन. दुकान सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी सकाळी दहानंतर कधीही यावं.

आपला,
एक फ्रेमवाला,
लालबाग, मुंबई