बारभाईची शेती

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

गल्लीतले सगळे मिळून बाग करतोय असं फोनवर सांगितलं, तर आई, तू लगेच म्हणालीस, "बारभाईची शेती, काय लागेल हाती!" आणि बाबांनी एवढंच विचारलं, "जागा कोणाची?" घाईत दोघांनाही धड उत्तर दिलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

बाबा, आधी तुमचं. जागा आमची नाही. गल्लीच्या टोकाला जो मोकळा तुकडा आहे, तो मालक काही वर्षं वापरायला द्यायला तयार आहेत. कागद झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही असं मी पहिल्याच बैठकीत म्हटलं, तर एकदोघांना ते फारच संशयी वाटलं. मग मी न्यूयॉर्कचं उदाहरण दिलं. तिथे 1973 मध्ये लिझ क्रिस्टी नावाच्या बाईंनी काही जणांना बरोबर घेऊन कचऱ्याने भरलेला एक पडीक प्लॉट साफ केला आणि बाग उभी केली. पुढच्याच वर्षी शहराकडून ती जागा नाममात्र भाड्याने रीतसर मिळवलीसुद्धा. पुढे त्या शहरात अशा शेकडो बागा झाल्या. पण 1999 मध्ये शहराने शंभराहून जास्त बागांच्या जागा लिलावात काढायचं ठरवलं. शेवटी काही संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून बागा टिकल्या. हे ऐकल्यावर कोणी हरकत घेतली नाही. करारात मुदत, पाण्याचं बिल, कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, आणि जागा परत मागायची असेल तर किती आधी सांगायचं, हे सगळं घालतोय. उभं पीक काढून घ्यायला वेळ मिळावा, हे कलम माझं!

मातीचं मात्र तुम्ही दोघांनीही विचारलं नाहीत. त्या तुकड्यावर पूर्वी जुनं घर होतं. जुन्या रंगात शिसं असायचं, ते मातीत उतरतं आणि तिथेच राहतं. पालेभाज्यांना आणि मुळा-गाजरासारख्या कंदांना अशी माती चिकटून पोटात जायची भीती जास्त, म्हणून नमुना प्रयोगशाळेत दिलाय. निकाल येईपर्यंत पोरांना एक उद्योग दिला. काचेच्या बरणीत अर्ध्याला कमी माती, वर पाणी, थेंबभर भांड्याचा साबण, आणि खळखळून हलवायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, तिच्यावर गाळाचा थर यायला दोनेक तास लागतात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. पोरं पट्टी लावून थर मोजत बसली होती. आमची माती चांगलीच चिकट निघाली, म्हणजे कंपोस्ट भरपूर लागणार.

वाफे जमिनीच्या वर बांधतोय, बाहेरची स्वच्छ माती भरून. रुंदी 4 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. दोन वाफे मात्र कमरेच्या जरा खाली येतील इतके उंच आहेत. शेजारच्या आजोबांना वाकता येत नाही, म्हणून हे उंच वाफे आले. पण खरं सांगू, मोजमाप घेताना डोळ्यांपुढे आई, तुझे गुडघे होते.

आता पाणी कोण घालणार ते. उन्हाळ्यात भाजीला आठवड्याला साधारण इंचभर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. आमचा एक वाफा 4 बाय 8 फुटांचा, सुमारे 3 चौरस मीटर. हिशेब कर, एका वाफ्याला 75 लिटर! 10 लिटरच्या झारीने सात-आठ खेपा, त्याही एकाच वाफ्याला. नळ लांब असेल तर पहिल्या महिन्यानंतर कोणी फिरकणार नाही. म्हणून ऊन असलेली पण नळापासून लांब अशी एक कोपऱ्यातली जागा आम्ही सोडून दिली. मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर देणार आहोत, तेवढंच पाणी कमी उडेल.

राहिली तुझी म्हण. तिच्यावर आमच्याकडे दोन बैठका वाद झाला. एक गट म्हणे सगळं सामाईक, दुसरा म्हणे ज्याचा वाफा त्याचा. मला विचारशील तर निव्वळ सामाईक चालत नाही. चार जण राबतात आणि तोडणीला चाळीस येतात. शेवटी ठरलं असं की वाफे घरटी वेगळे, पण कुंपणालगतची फळझाडं, कंपोस्टचा खड्डा आणि अवजारं सगळ्यांची, त्यांच्यासाठी पाळ्या. सलग काही आठवडे वाफा उजाड ठेवला तर तो पुढच्याला द्यायचा. बैठकीत सगळ्यात जास्त बोलणारे गृहस्थ पाळीच्या यादीत अजून दिसले नाहीत, आणि कधीच तोंड न उघडणाऱ्या काकू रोज संध्याकाळी खड्ड्यात वाळका पाला परतवून जातात. हिरवा ओला कचरा टाकला की त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका टाकायचा, नाहीतर वास सुटतो, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं.

पहिल्यांदा मुळा लावायचा आहे. महिन्याभरात हातात येतो, आणि लोकांना काहीतरी उगवलेलं लवकर दिसायला हवं.

आई, तुझ्या डब्यातलं बी पाठव, पण पुडीवर कोणत्या साली धरलंय ते लिही. कांद्याचं बी वर्षा-दोन वर्षांत मरतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार वर्षं चालतं. बाबा, कराराचा मसुदा सोबत पाठवतेय. समास मुद्दाम मोठा ठेवलाय, लाल पेन हातात घ्या. मालकांबरोबर पुढच्या आठवड्यात बसायचंय, त्याआधी परत आला तर बरं.

तुमची लेक