‘बघू’ म्हणजे रजा मिळाली का?

कार्यालयांतील ताणाची चर्चा कामाचे तास आणि टार्गेट यांपाशीच थांबते. बँकेत ३४ वर्षे काढल्यावर मला वाटते, माणसे कामापेक्षा संदिग्धतेने जास्त थकतात. साहेब ‘बघू’ म्हणाले, म्हणजे रजा मिळाली की नाही? नुसते ‘ठीक आहे’ म्हणाले, म्हणजे काम आवडले की मनात राग आहे? या विचारात रात्र जाते.

माझे एक शाखाधिकारी मार्चअखेरीच्या गडबडीत सरळ सांगत, “आज मी वैतागलोय, पण तुमच्यावर नाही. वरून फोन येताहेत.” एवढ्याने अख्ख्या काउंटरचा जीव हलका होई. वडील आजारी असताना त्यांनी मला चारच्या एसटीने गावी धाडले आणि माझी कॅश स्वतः बसून जुळवली. हे मी आजही विसरलेलो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने खचून जाण्याची, व्याख्या केली, तीत थकव्याबरोबर कामापासून मनाने तुटणेही आहे. हे तुटणे ग्रुपवर अंगठा दाखवून थांबत नाही. शेजारचा सहकारी आठवडाभर डबा का उघडत नाही, हे त्याच्याजवळ बसून विचारावे लागते.

बँकांनी शाखाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात कर्ज आणि वसुलीबरोबरच अवघड गोष्ट समोरासमोर, स्पष्ट आणि न दुखावता कशी सांगावी, यासाठीही वेळ ठेवावा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही प्रत्येक शाखेत लावावा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा