नाना, दिवाळीच्या आत बॅटरी बदला

तीर्थरूप आई व नाना यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नाना सहज बोलून गेले, की सकाळी गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरतो, दोन-तीनदा चावी फिरवावी लागते. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. नाना, ती बॅटरी आता बदलाच. चार वर्षं झाली तिला, आणि बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षंच टिकते.

तुम्ही म्हणाल, उन्हाळाभर चालली, आता काय होतंय? पण तिचं नुकसान उन्हाळ्यातच झालेलं असतं. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात आतलं पाणी आटतं, प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून ते कळत नाही. मग धुळ्याकडे पारा सहा अंशांवर उतरला की इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि नेमकी तेव्हाच गारठलेली बॅटरी कमी जोर देते. शिवाय गाडी रोज घर ते मळा एवढीच फिरते, तेवढ्यात ती चार्ज कुठून होणार?

बदलण्याआधी मेकॅनिककडून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी किती जोर देते याची तपासणी, करून घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर अल्टरनेटरही (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करतो तो) बघायला सांगा, नाहीतर नवी बॅटरीसुद्धा उतरेल.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड तुम्ही स्वतः साफ करता, म्हणून सांगते: हातातली अंगठी काढा, आधी निगेटिव्हची वायर सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा. आई, त्यांना कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून दे. बॅटरीत पाणी घालायची सोय असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.

रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की गल्ली आपल्याच दारात येते. आईचं बीपी आहेच. गाडी एका चावीत सुरू झालीच पाहिजे.

पैसे पाठवते आहे. जुनी बॅटरी दुकानातच द्या, तिचे पैसे बिलातून वजा होतात. वॉरंटी कार्डावर तारीख नि शिक्का बघून घ्या.

तुमची,
वैशाली